स्पार्टाकस हरला, सालदार का जिंकू शकतो?

स्टॅन्ली कुब्रिकचा १९६० सालचा 'स्पार्टाकस' अनेकांनी पाहिला असेल. पकडलेले गुलाम एकेक करून उठतात आणि "मीच स्पार्टाकस" म्हणतात, तिथे अंगावर काटा येतो. पण तो प्रसंग सिनेमावाल्यांचा आहे, इतिहासातला नाही. इतिहास जास्त कठोर आहे. इ.स.पूर्व ७३ मध्ये कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून सत्तरेक गुलाम पळाले. त्यांच्यामागे हजारो उभे राहिले आणि त्यांनी रोमच्या फौजा पुन्हा पुन्हा हरवल्या. इ.स.पूर्व ७१ मध्ये क्रॅससने बंड चिरडलं. कापुआ ते रोम रस्त्यावर सहा हजार कैदी क्रूसावर टांगले गेले. गुलामी मात्र शतकानुशतकं टिकली, कारण रोमचा कायदाच मालकाचा होता.

आता आपल्या नंदुरबारकडे पाहा. शहाद्याच्या सुपीक पट्ट्यात भिल्ल मजूर 'सालदार' म्हणून राबत. उचल घ्यायची आणि मालकाच्या दारात वर्षभर अडकायचं. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली होती. पण १९५० नंतरही कलम पुस्तकात आणि सालदार गोठ्यात! १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने मजुरांना एकत्र आणलं, तेव्हा किमान वेतनाचा आणि बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला.

इथेच फरक आहे. स्पार्टाकसकडे हिंमत होती, पण ज्यावर बोट ठेवावं असा कायदा नव्हता. आपल्याकडे कायदा होता, पण माणसं संघटित होईपर्यंत तो मुका राहिला.

आजही नंदुरबारचे मजूर मुकादमाकडून उचल घेऊन गुजरातच्या ऊसतोडीला जातात. खापरहून गुजरातची हद्द जवळच आहे. सुप्रीम कोर्टाने १९८२ सालीच एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा कलम २३ खालची सक्तीची मजुरीच आहे.

म्हणून नुसत्या टाळ्या वाजवून चालणार नाही. मुकादमाच्या वहीतला हिशोब किमान वेतनाशी ताडून पाहा. कर्जापायी कोणी अडकला असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. उपविभागाची दक्षता समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे विचारा. आणि हे सगळं एकट्याने नाही, दहा जणांनी मिळून करा.

जय भीम! जय जोहार!