तळटीप : वासरांची ‘दुरुस्त’ वजने

४. दूध तोडतानाचे वजन – तक्त्यातले आकडे काट्यावरचे नाहीत, वयाप्रमाणे दुरुस्त केलेले आहेत. वासरे काठाणी जातीची, म्हणजे इटियाडोह धरणाच्या पाण्यावरच्या धानाच्या बांध्यांत चिखलणीला जुंपतात त्या जनावरांची. गाई काही एकाच महिन्यात व्यालेल्या नसतात. सगळी वासरे एका दिवशी तोलली तर थोरले वासरू उगाच भाव खाऊन जाते. म्हणून आजच्या वजनातून जन्मवजन वजा करावे, उरलेल्याला वयाच्या दिवसांनी भागावे, २०५ ने (सगळ्यांसाठी धरलेले समान वय, दिवसांत) गुणावे आणि जन्मवजन पुन्हा मिळवावे. समजा, दोन गोऱ्हे, दोघेही जन्मतः १६ किलोचे. एक २४० दिवसांचा, ८८ किलो. दुसरा १८० दिवसांचा, ७६ किलो. हिशेबाअंती पहिला ७७.५, दुसरा ८४.३. वळू म्हणून राखायचा तो दुसरा. ही रीत मूळची अमेरिकेतल्या मांसासाठी पाळलेल्या गुरांची. तिथे वासरू आईचे सगळे दूध पिते. आपल्याकडे धार काढून उरेल ते त्याचे (आणि धार किती काढायची हे घरधनीण ठरवते), तेव्हा तुलना एकाच गोठ्यातल्या वासरांची करावी. पहिलारू गाईच्या वासराला तिथे वरून काही किलो मिळवून देतात. त्या वाढीव किलोंचे कोष्टक काठाणीला लावू नये.