मोटारीच्या एंजिनातला तोल

कामठ्याच्या बाजूला धानाच्या बांधीला पाणी देणारे एका सिलिंडरचे डिझेल एंजिन तुम्ही पाहिले असेल. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे अशी एंजिने खेडोपाडी पोचली. हे एंजिन काँक्रीटच्या ओट्यात बोल्टांनी जखडतात, ते त्याचे हादरे जमिनीने गिळावेत म्हणून. मोटारगाडीला कुठला आलाय ओटा? तिथे हादरे सोसायचे ते आत बसलेल्या माणसाने.

हे हादरे दोन तऱ्हेचे. चार धावांच्या एंजिनात एका दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, दोन फेऱ्यांतून एकदाच जोर मिळतो. मधली वेळ जड फ्लायव्हील निभावून नेते. पण दट्ट्या वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा साऱ्या एंजिनाला हिसका बसतो. इथे फ्लायव्हील कितीही जड करा, उपयोग नाही. तेवढेच वजन उलट दिशेने हलवावे लागते.

कार्ल बेंझची 1886 ची गाडी एका सिलिंडरचीच होती. पुढे 1897 च्या सुमारास त्यानेच दोन सिलिंडर समोरासमोर आडवे ठेवले. एक दट्ट्या डावीकडे निघाला की दुसरा उजवीकडे. हिसक्याने हिसका मारला. मात्र एंजिन रुंद झाले.

जास्त चालली ती एका रांगेतल्या चार सिलिंडरांची रीत. दोन दट्टे वर, दोन खाली, आणि दर अर्ध्या फेऱ्याला एक जोर. उखळात बायका पाळीपाळीने मुसळ घालतात ना, तसे. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली फियाट, जी पुढे पद्मिनी म्हणून ओळखली गेली, ती याच घडणीची. तरी बारीक थरथर उरतेच. दट्ट्याला जोडलेला दांडा तिरपा होत असल्यामुळे वरच्या अर्ध्या फेऱ्यात दट्ट्या जास्त अंतर कापतो, म्हणून वर-खालचा हिशेब पुरता जुळत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लँचेस्टर या इंग्रज इंजिनियराने दुप्पट वेगाने परस्परांविरुद्ध फिरणारे दोन दांडे बसवून ती थरथर मारली. सहा सिलिंडरांच्या रांगेत ती आपोआप मिटते, पण एंजिन लांब आणि महाग.

पैशाचा हाच पेच टाटांच्या नॅनोपुढे होता. लाख रुपयांत गाडी द्यायची, म्हणून 2009 साली बाजारात आलेल्या या गाडीला दोनच सिलिंडर दिले आणि तोलासाठी आत एक वेगळा फिरता दांडा घातला. माझ्या मते युक्ती हुशारीची, पण चार सिलिंडरांची सफाई काही तिला आली नाही. 2018 साली तिचे उत्पादन थांबले. गोंदियाच्या रस्त्यावर एखादी नॅनो एंजिन चालू ठेवून उभी दिसली, तर मालकाला विचारून मागच्या पत्र्यावर हात ठेवा. मग चार सिलिंडरच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून पाहा.