बाटली तीच, खोली वेगळी : केटामाइनची साठ वर्षं

दहा मिलिलिटरची छोटी काचेची बाटली. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव. ही बाटली तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन टेबलाशेजारी असते, जनावरांच्या डॉक्टरच्या बॅगेत असते, कधी कस्टम्सच्या पंचनाम्यातही असते. आणि गेल्या काही वर्षांत मुंबईतले काही मनोविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ तीच बाटली सलाइनमध्ये मिसळून नैराश्याच्या आणि जुनाट दुखण्याच्या पेशंटना देऊ लागले आहेत. औषधाचं नाव केटामाइन.

मालाड-गोरेगावच्या आयटी पार्कांत काम करणाऱ्या आमच्या पिढीला हे नाव दोनच प्रकारे माहीत असतं. एक, ‘पार्टी ड्रग’. दोन, ‘एका ड्रिपमध्ये डिप्रेशन गायब’ असं सांगणारं रील. दोन्ही अर्धवट आहेत. या औषधाचा इतिहास नीट पाहिला तर त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सुई टोचल्यावर माणसाच्या शेजारी कोण बसलं होतं, आणि ते तिथे कशासाठी बसलं होतं?

तुरुंगातले पहिले वीस जण

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटची पार्क-डेव्हिस ही कंपनी नवं भुलीचं औषध शोधत होती. त्यांच्या हाती फेनसायक्लिडिन लागलं. भूल उत्तम, श्वास चालू राहायचा. पण शुद्धीवर येताना पेशंट तासन् तास बरळायचे, भेदरायचे. म्हणून त्याच रेणूचे सौम्य भाऊबंद बनवायचं काम सुरू झालं. १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी त्यातला एक बनवला. कंपनीतलं त्याचं नाव सीआय-५८१. तेच आजचं केटामाइन.

ऑगस्ट १९६४मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन तुरुंगात एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन यांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं. ‘स्वयंसेवक’ होते वीस कैदी. कैद्याचा होकार हा कितपत होकार, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारत नव्हतं. औषधाने वेदना जायची, डोळे मात्र उघडे राहायचे. शुद्धीवर आल्यावर काही जण सांगायचे, आपण अवकाशात तरंगत होतो, हातपाय आपले नव्हतेच. याला नाव काय द्यायचं, हा पेच होता. ‘स्वप्नासारखी अवस्था’ हे वर्णन कंपनीला नको होतं. डॉमिनोंच्या पत्नी टोनी यांनी ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचवला. म्हणजे जाणीव शरीरापासून सुटी करणारं. तोच शब्द टिकला.

१९७० साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि ते व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरलं गेलं. तिथे त्याचा मोठा गुण दिसला. भूल दिली तरी श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. जिथे वीज जाते, ऑक्सिजनचा भरवसा नसतो आणि भूलतज्ज्ञ साठ किलोमीटरवर असतो, तिथे याला पर्याय नव्हता. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्याकडच्या ग्रामीण सर्जनांच्या दोन पिढ्यांनी याच बाटलीवर शस्त्रक्रिया केल्या आहेत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच खटकत होती. शुद्धीवर येतानाचे ते विचित्र अनुभव. भूलतज्ज्ञांच्या लेखी तो दुष्परिणाम होता. खोलीत अंधार करा, आवाज बंद करा, झोपेचं इंजेक्शन द्या, असे उपाय निघाले. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘बग’ म्हणून तिकीट लावतो, तोच दुसऱ्या टीमला ‘फीचर’ वाटतो. इथे नेमकं तेच झालं.

बग की फीचर?

१९७३ साली खोर्रमजादेह आणि लोत्फी या इराणी डॉक्टरांनी मनोरुग्णांना केटामाइन देऊन दडपलेल्या आठवणी मोकळ्या होतात का, याचा अनुभव प्रसिद्ध केला. मेक्सिको सिटीत साल्वादोर रोकेट इतर मनोविकासी औषधांबरोबर केटामाइनही गटोपचारांत वापरत होता. त्याच्या पद्धती इतक्या आक्रमक होत्या की १९७४मध्ये त्याला अटक झाली.

सगळ्यात शिस्तबद्ध काम झालं ते सोव्हिएत लेनिनग्राडमध्ये. १९८५च्या सुमारास येवगेनी क्रुपित्स्की या मनोविकारतज्ज्ञाने दारूच्या व्यसनावर केटामाइनचा प्रयोग सुरू केला. त्याच्या पद्धतीचे तीन भाग होते. आधी तयारीच्या बैठका: तुला दारू का सोडायची आहे, कशाची भीती वाटते, कोणासाठी जगायचं आहे. मग इंजेक्शन, आणि त्या सगळ्या वेळात थेरपिस्ट शेजारी. शेवटी आलेल्या अनुभवाचा अर्थ लावण्याच्या बैठका. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात एका वर्षानंतर केटामाइन गटातल्या १११ पैकी ७३ जण दारूपासून दूर होते. नेहमीचे उपचार घेतलेल्या १०० जणांच्या गटात २४. हे आकडे जपून वाचायला हवेत, कारण आपल्याला काय मिळतंय हे पेशंटनाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. पण आज जगभर ‘केटामाइन अधिक सायकोथेरपी’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याचा आराखडा इथलाच: तयारी, औषध, अर्थ लावणं.

तरीही मुख्य प्रवाहातल्या मानसोपचाराने याकडे बराच काळ पाहिलं नाही. कारण नैराश्य म्हणजे काय, याची एक पक्की कल्पना तोवर रुजली होती. त्या कल्पनेचं एक मूळ आपल्या परळमध्ये आहे.

परळहून निघालेली गोष्ट

१९४९ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या दिलं जायचं. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्येच त्यावर लिहिलं होतं. वकिलांनी रक्तदाबाच्या पेशंटवर केलेली काटेकोर नोंद जगाने वाचली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मनोरुग्णांवरचा अनुभव मांडला. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांच्यापर्यंत गेली आणि त्यांनी ते आपल्या रुग्णालयात वापरलं. १९५७च्या लास्कर पुरस्कारात वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावं आहेत.

मग एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. रेसर्पिन घेणारे काही रक्तदाबाचे पेशंट उदास होत होते. त्याच सुमारास कळलं की रेसर्पिनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन आणि तत्सम रसायनं संपतात. दुसरीकडे क्षयावरच्या इप्रोनायझिड या गोळीने पेशंट उत्साही होत होते, आणि ती हीच रसायनं वाढवत होती. दोन टोकं जोडली गेली: रसायन कमी म्हणजे नैराश्य, वाढवलं की उपाय. पुढे रेसर्पिन आणि उदासीचा संबंध वाटला तितका पक्का नसल्याचं दिसलं. तोवर कल्पना रुळली होती. १९८७मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फ्लुओक्सेटिन आणि त्यानंतरच्या गोळ्या याच वाटेने आल्या. त्यांनी लाखो लोकांना आधार दिला. अडचण एवढीच की गुण यायला आठवडे लागतात आणि बऱ्याच जणांना तो येतच नाही.

याच केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने चालले होते. पतंजलीच्या संकल्पनांवर आधारलेली, गोळीशिवायची उपचारपद्धती त्यांनी तयार केली आणि १९७३मध्ये तिच्यावर अमेरिकन जर्नल ऑफ सायकोथेरपीत लिहिलं. एकाच रुग्णालयातून दोन धागे निघाले: एक रेणूचा, एक सरावाचा आणि संवादाचा. जगाने पहिला उचलला, कारण गोळी बाटलीत भरता येते. वेळ भरता येत नाही.

चाळीस मिनिटं

२००० साली येल विद्यापीठातल्या रॉबर्ट बर्मन, अमित आनंद, जॉन क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी एक छोटा अभ्यास छापला. नैराश्याच्या मोजक्या पेशंटना किलोमागे अर्धा मिलिग्रॅम केटामाइन चाळीस मिनिटांत शिरेतून दिलं. भुलीसाठी यापेक्षा दुप्पट ते चौपट डोस एका दमात देतात. नैराश्य काही तासांत उतरू लागलं. २००६मध्ये कार्लोस झराटे यांच्या गटाने, इतर औषधांनी गुण न आलेल्या पेशंटवर हेच करून पाहिलं. एका दिवसात ७१ टक्के लोकांत लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र आठवडाभरात त्यांच्यापैकी अनेकांचा गुण ओसरला.

केटामाइनचं मुख्य काम सेरोटोनिनवर नाही. ते मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहकाचा एनएमडीए नावाचा एक दरवाजा अडवतं, हे १९८३मध्येच कळलं होतं. २०१०मध्ये येलच्याच रोनाल्ड ड्युमन यांच्या प्रयोगशाळेला उंदरांमध्ये दिसलं की, त्यानंतर चेतापेशींमध्ये नवे जोड वेगाने फुटतात. मेंदू काही काळ नवं शिकायला तयार होत असावा, अशी कल्पना यातून पुढे आली.

दुखण्याचंही गणित इथेच जुळतं. वेदनेचे संदेश सतत येत राहिले की मणक्यातल्या पेशी चढत्या आवाजात उत्तर देऊ लागतात, आणि या चढण्यात त्याच एनएमडीए दरवाजाचा हात असतो. जखम भरली तरी दुखणं का उरतं, याचं हे एक कारण. पण इथेही पुरावा मोजकाच आहे. २०१८च्या अमेरिकी तज्ज्ञ संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनी काही विशिष्ट चेतादुखण्यांसाठीच आणि तोही मर्यादित काळाचा आधार मान्य केला.

मेंदू थोडे दिवस लवचीक होत असेल, तर त्या दिवसांत काय शिकवायचं? येलच्या प्रयोगांत नजर रेणूवर होती, क्रुपित्स्कीच्या बैठका तिथे नव्हत्या. त्या परत आल्या त्या इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या सेलिया मॉर्गन यांच्या २०२२च्या अभ्यासात. दारूच्या व्यसनाचे ९६ जण, तीन ड्रिप; काहींना त्यासोबत थेरपी, काहींना दारूबद्दलची नुसती माहिती. सहा महिन्यांनी दारूविना गेलेले दिवस सगळ्यात जास्त होते ते केटामाइन आणि थेरपी दोन्ही मिळालेल्या गटात. नैराश्यातही अशा जोडीचे छोटे अभ्यास झाले आहेत; मोठे अजून व्हायचे आहेत.

कुलपातली बाटली

तिकडे हे चालू असताना बाटलीने दुसरे पत्तेही शोधले होते. नव्वदीनंतर पार्ट्यांमध्ये केटामाइन पोचलं. भारतात ते स्वस्तात बनायचं आणि इथून चोरून आग्नेय आशियात जायचं. म्हणून २०११मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं आणि २०१३मध्ये शेड्यूल एक्समध्ये. म्हणजे दोन प्रतींत चिठ्ठी, साठा कुलपात, आणि चिठ्ठीची एक प्रत केमिस्टकडे दोन वर्षं. चीनने २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांत जागतिक निर्बंधांचा आग्रह धरला, तेव्हा आरोग्य संघटनेने विरोध केला. ही बाटली अडवली तर गरीब देशांतल्या शस्त्रक्रिया थांबतील, हे त्यांचं म्हणणं होतं. चोराला अडवणारं कुलूप सर्जनलाही अडवतं, हा पेच अजून सुटलेला नाही.

कुलूप अनाठायी आहे असंही नाही. वारंवार घेणाऱ्यांची मूत्राशयं कायमची खराब झालेली आहेत. सवय लागते. ‘फ्रेंड्स’मधला मॅथ्यू पेरी ऑक्टोबर २०२३मध्ये गेला, तेव्हा वैद्यकीय अहवालात मुख्य कारण केटामाइन होतं. तो डॉक्टरी ड्रिप घेत होता हे खरं. पण शेवटची ड्रिप दीडेक आठवड्यापूर्वीची होती. अंगात सापडलेलं केटामाइन तिचं असणं शक्य नव्हतं. त्याची पातळी मोठ्या भुलीइतकी होती, आणि तो घरच्या हॉट टबमध्ये एकटा होता. औषध तेच. शेजारी कोणी नव्हतं.

मग मुंबईत काय विचारायचं?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) नैराश्याच्या साधारण ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही आपल्याकडे नाही. अशा शहरात चाळीस मिनिटांच्या ड्रिपचं आकर्षण सहज कळतं. दोन लोकल बदलून दर आठवड्याला तासभर बोलायला जाण्यापेक्षा ड्रिप सोपी. विकायलाही सोपी.

म्हणून घरातलं कुणी या उपचाराचा विचार करत असेल तर दरपत्रकाआधी काही प्रश्न विचारावेत. आधीची औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस घेऊन झाली आहेत का? रक्तदाब, हृदय, पूर्वीचं व्यसन, सायकोसिसचा इतिहास कोणी तपासला? ड्रिप चालू असताना खोलीत भूल सांभाळू शकणारं माणूस असेल का? नैराश्यासाठी हा वापर ‘ऑफ-लेबल’ आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं का? विजेच्या उपचारांची, म्हणजे ईसीटीची, माहिती दिली का? २०२३मध्ये अमित आनंद यांच्याच चारशेवर पेशंटच्या अभ्यासात, सायकोसिस नसलेल्या चिवट नैराश्यात केटामाइन ईसीटीच्या मागे पडलं नाही, पण म्हणून ईसीटी बाद होत नाही. आणि शेवटचं: ड्रिपनंतरच्या आठवड्यात पेशंटशी बोलणार कोण, किती वेळ, आणि ते पैशांत धरलंय का?

या शेवटच्या प्रश्नाला ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं, तर आपल्याला औषधाचा अर्धाच भाग विकला जातो आहे. आणि आत्ता, या क्षणी जगणं नको वाटत असेल तर ड्रिपची अपॉइंटमेंट मिळायची वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि फोन उचलणाऱ्याशी मराठीत बोलता येतं.