नथीतला बसरा मोती

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे संस्थानांच्या विलीनीकरणापर्यंत, म्हणजे 1948 पर्यंत, भोर संस्थानात होते. अशा मावळी गावात आजेसासूकडून नातसुनेकडे आलेली नथ असेल, तर तिच्या मोत्यांचा माग सह्याद्रीपलीकडे थेट समुद्रापर्यंत जातो. महाराष्ट्रात नावाजलेला 'बसरा' मोती इराणच्या आखातातला. बहरीनच्या आसपास पाणबुडे शिंपले काढत आणि माल मुंबईला येई. तिथे मोती निवडले, विंधले आणि ओवले जात. मोत्याची किंमत वजनाच्या वर्गाने चढे: दुप्पट वजनाचा मोती चौपट भावाचा. त्यामुळे विंधताना चूरही वाया जाऊ नये म्हणून भोक अगदी बारीक ठेवत.

नकली मोती जुनाच आहे. पोकळ काचमण्याला आतून माशाच्या खवल्यांची चकाकी देण्याची युक्ती पॅरिसमध्ये सतराव्या शतकातली. खरा घोळ मात्र जपानने घातला. मिकिमोतो कोकिची यांना 1893 मध्ये अर्धगोल मोती पिकवता आला आणि 1921 च्या सुमारास गोल कल्चर्ड मोती युरोपच्या बाजारात उतरले. पुढे मंदी आली आणि आखाताचा मोतीव्यापार कोसळला.

म्हणून 1921 च्या आधीच्या नथीत गोल कल्चर्ड मोती सहसा मूळचा नसतो. पण काच असू शकते, आणि पडलेल्या मोत्याच्या जागी नंतर दुसरा बसवलेलाही असू शकतो. दागिन्याचे वय एकेका मोत्याची हमी देत नाही.

दाताच्या कडेवर हळूच घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत लागतो, काच गुळगुळीत. पण कल्चर्ड मोतीही खरखरीतच लागतो, कारण वरचा थर शिंपल्याचाच असतो. उत्तर भोकात सापडते. सोनाराने तार सैल केली की भिंगाखाली नकली मोत्याच्या भोकाभोवती मुलामा सुटलेला दिसतो. कल्चर्डमध्ये बाहेरचे पातळ कवच आणि आतला शिंपल्याचा मणी यांच्यामधली रेघ दिसू शकते. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे थरावर थर असतात. जाळून किंवा आम्लात बुडवून पाहणे म्हणजे मोती गमावणे. रेघ स्पष्ट नसेल, तर अंतर्रचना दाखवणारी क्ष-किरण तपासणी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते, आणि तीही नथीतल्या प्रत्येक मोत्याची वेगवेगळी.