भूमिगत नभोवाणीचे निवेदक : काँग्रेस रेडिओ, १९४२

नभोवाणीच्या इतिहासात ‘भूमिगत’ हे विशेषण दोन भिन्न अर्थांनी रूढ झाले आहे. अमेरिकेत त्याचा संबंध १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर टॉम डोनाह्यू व त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मुक्त संगीतप्रसारणाशी जोडला जातो. त्या केंद्राला सरकारी परवाना होता. ‘भूमिगत’ होती ती केवळ अभिरुची. आणि ध्वनिमुद्रिका निवडून वाजविणाऱ्या निवेदकाचे नाव हेच त्या केंद्राचे भांडवल होते. हिंदुस्थानात हे विशेषण त्यापूर्वी पाव शतक शब्दशः खरे ठरले होते. मुंबईच्या काँग्रेस रेडिओचे निवेदकही ध्वनिमुद्रिका लावीत आणि ध्वनिक्षेपकापुढे बोलत. परंतु अनामिकता ही त्यांच्या कार्याची पहिली अट होती. ज्यांनी आपले नाव लपविले, त्यांची स्मृती इतिहासाने कशी जतन करावी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

या केंद्राची गरज कोणती होती, हे मुंबईपेक्षा दूरच्या प्रदेशातून अधिक स्पष्ट दिसते. भंडारा शहरानजीक वैनगंगेच्या काठी वसलेले कारधा हे गाव मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटरांवर आहे. १९४२ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडात स्वतःचे नभोवाणी केंद्र नव्हते. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. ऑगस्ट १९४२ च्या आरंभीच काँग्रेसच्या चळवळीविषयीच्या वृत्तांवर सरकारने कडक निर्बंध घातले होते, आणि अनेक वृत्तपत्रांनी प्रकाशन स्थगित केले होते. १६ ऑगस्ट रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाले. त्यानंतर चिमूर येथे लष्कर व पोलिसांनी केलेल्या अत्याचारांची हकीकत मुद्रित शब्दांतून बाहेर पडणे दुरापास्त होते. स्वतःच्याच प्रदेशातील घटना अधिकृत मार्गाने कळू नये, अशी विदर्भातील सुशिक्षित वर्गाची स्थिती झाली होती.

काँग्रेस रेडिओचे प्रसारण २७ ऑगस्ट १९४२ रोजी सुरू झाले. ते ४२.३४ मीटर लघुलहरींवर, म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर होत असे. या लहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरांवरून परावर्तित होत असल्यामुळे अल्प शक्तीच्या प्रक्षेपकाचा आवाजही शेकडो किलोमीटर दूर पोहोचू शकतो. केंद्राची कल्पना उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने व तिच्या सहकाऱ्यांनी उचलून धरली. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे त्यांतील प्रमुख. यंत्रतंत्राची बाजू नरिमन प्रिंटर यांनी सांभाळली. राममनोहर लोहिया व अच्युतराव पटवर्धन यांच्याकडून मार्गदर्शन व भाषणे मिळत. प्रसारण इंग्रजी व हिंदुस्थानी या भाषांतून होई.

कार्यक्रमाची घडण मुळात साधी होती. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’ची ध्वनिमुद्रिका वाजे, नंतर निवेदक लहरींची लांबी सांगून हिंदुस्थानातील कोणत्यातरी अज्ञात स्थळाहून हे बोलणे होत असल्याचे घोषित करी, वृत्ते व भाषणे होत, आणि शेवटी ‘वंदे मातरम्’ वाजे. प्रत्येक दिवशी तीच ध्वनिमुद्रिका लावण्यामागे केवळ भक्तिभाव नव्हता. ज्या केंद्राला पत्ता नाही आणि ज्याच्या निवेदकाला नाव नाही, त्याची ओळख श्रोत्याला पटावी कशी? ती पटत असे परिचित गीतावरून व परिचित स्वरावरून. भाषणांच्या मुद्रणासाठी वेगळी जागा असल्याने बोलणारा आणि प्रक्षेपक एकत्र सापडण्याचा धोकाही कमी होत असे. चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी असे केंद्राचे स्थलांतर होत राहिले. चितगाववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आष्टी-चिमूरचे अत्याचार यांची वृत्ते याच केंद्रावरून देण्यात आली. विदर्भाच्या दृष्टीने काँग्रेस रेडिओचे महत्त्व येथे आहे : येथील वेदनेला राष्ट्रीय वृत्ताचे रूप देणारा स्वर शेकडो किलोमीटर दूरच्या एका बंद खोलीतून निघत होता.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीनजीकच्या जागेवर पोलिसांचा छापा पडला. प्रिंटर यांनी पोलिसांना दिलेली माहिती त्यास कारणीभूत झाली. उषा मेहतांची कित्येक महिने चौकशी झाली. त्यांनी मौन सोडले नाही. १९४३ मध्ये खास न्यायालयाने खाकर यांना पाच, उषा मेहतांना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची सक्तमजुरी दिली. विठ्ठलदास झवेरी, तसेच साहित्य पुरविल्याचा आरोप असलेले शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी, हे निर्दोष सुटले. १९४६ मध्ये सुटका झाल्यावर उषा मेहता मुंबईत राज्यशास्त्राच्या अध्यापिका झाल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला व ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

साधनांचा विचार करता या इतिहासात एक विलक्षण विसंगती आढळते. निवेदकांचे शब्द आज वाचावयास मिळतात, ते प्रामुख्याने पोलिसांनी प्रसारण ऐकून टिपून घेतले म्हणून. पुराव्यासाठी केलेली ही टिपणेच पुढे इतिहासाचे साधन ठरली, आणि २०२१ मध्ये उषा ठक्कर यांनी या केंद्रावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांचा उपयोग केला. म्हणजे ज्या सत्तेने तो स्वर बंद पाडला, तिच्याच दप्तराने त्याचा मजकूर सांभाळला. तथापि मजकूर म्हणजे स्वर नव्हे. कोणत्या वाक्यावर आवाज कठोर झाला, कोठे तो थांबला, हे लेखनिकाच्या टिपणात उतरत नाही. शिवाय लिहून घेणाऱ्याचे लक्ष गुन्ह्यावर होते, श्रोत्यावर नव्हते. त्यामुळे बोलले काय गेले हे कळते, ऐकले कसे गेले हे कळत नाही.

दुसरी मर्यादा स्मृतीच्या एकाग्रतेची आहे. उत्तरकाळातील स्मरणात उषा मेहतांचे नाव ठळक झाले, ते यथायोग्यच आहे. परंतु मोईनुद्दीन हॅरिस आणि कूमी दस्तूर यांचे स्वरही याच केंद्रावरून उमटले होते, हे सहसा सांगितले जात नाही. नामरहित सामुदायिक कार्याचा इतिहास एका चरित्रात सामावला की त्याचे सामुदायिकत्व लोपते. म्हणून काँग्रेस रेडिओचा अभ्यास मुंबईच्या इमारतींपाशी संपू नये. प्रांतिक दप्तरे, श्रवणयंत्रांचे परवाने आणि वैनगंगेकाठच्या गावांतील वृद्धांच्या आठवणी पुढच्या पिढीने नोंदविल्या असल्यास त्या, यांची पोलिसी टिपणांशी काळजीपूर्वक तुलना व्हावयास हवी. बोलणाऱ्याला शिक्षा झाली आणि म्हणून त्याची नोंद राहिली. ऐकणाऱ्याला ती झाली नाही, एवढ्याच कारणाने तो इतिहासाबाहेर राहावा, हे न्याय्य नव्हे.