एकाच भट्टीचीं दोन कामें

देहूरोडला लष्करी दारूगोळ्याच्या कोठाराजवळ राहणाऱ्या आम्हांस विज्ञानाची संहारक बाजू निराळी सांगावयास नको. म्हणूनच ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीचें चरित्र आम्हांस विलक्षण वाटतें. १९६० सालीं पेटलेल्या या भट्टीचें प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटास लागलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु तिच्याच न्यूट्रॉनांचे झोत स्फटिकांवर सोडून, विखुरतांना त्यांची ऊर्जा किती घटते वा वाढते हें मोजीत पी. के. अय्यंगार व त्यांचे सहकारी अणूंची थरथर वाचीत होते. क्ष-किरणांस जवळजवळ न दिसणारा हायड्रोजन न्यूट्रॉनास चांगला दिसतो! ही विद्या अय्यंगार कॅनडांत ब्रॉकहाउस यांच्याजवळ शिकले. गुरूस १९९४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शिष्यास मात्र लोक पोखरणमुळेंच ओळखतात, ही आमची तक्रार. सायरस २०१० अखेर विझली; पण शेजारच्या 'ध्रुव' भट्टीवर हें वाचन पुढें चाललें.