तावून-सुलाखून : न शिवता धग मोजण्याचा इतिहास



मी शब्दांचा अभ्यासक, यंत्रांचा नव्हे. तथापि आजच्या विषयाचे बीज मला एका शब्दातच सापडले. ‘तावून-सुलाखून निघणे’ असे आपण सहज म्हणतो. तावणे म्हणजे अग्नीत तापविणे, आणि सुलाखणे म्हणजे भोक पाडून धातूचा कस पाहणे. परंतु ताव पुरेसा झाला, हे ठरवायचे कसे? जेथे हात लावता येत नाही, तेथे डोळ्यावाचून दुसरे साधन नव्हते.

नार्नूरच्या परिसराला हा प्रश्न नवा नाही. जैनूरनजीकच्या उशेगावात वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांची नक्षी चढवितात, वर मातीचा लेप देतात आणि मेण वितळून झालेल्या पोकळीत पितळेचा रस भरतात. या ‘आदिलाबाद डोकरा’ कलेस 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पितळ वितळण्यास नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते; ती ओळखण्याची विद्या बापाकडून मुलाकडे आली, पोथीतून नव्हे.

निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रमची कथाही अशीच. तेथे बंद मुशीत घडविलेले पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत. त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी ती कृती पाहून लिहून ठेवली. ते 1824 साली निवर्तले; वृत्तान्त 1832 साली छापला गेला. पण तो पाहुण्याचा वृत्तान्त आहे, कारागिराच्या लेखणीचा नव्हे.

तिकडे 1800 साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या कडेपलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवला, पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. 1892 साली ल शातलिए यांनी व 1901 साली होलबोर्न आणि कुर्लबाउम यांनी दृक्-उत्तापमापक सिद्ध केले. दिव्याची तार भट्टीच्या प्रभेत मिसळून दिसेनाशी झाली की तिच्यातील विद्युत्प्रवाहावरून ताप कळे. म्हणजे न्यायाधीश अद्याप डोळाच होता. पुढे त्याची जागा अवरक्त संवेदकाने घेतली.

या संवेदकाची खरी कसोटी आपल्या शेजारीच पाहावयास मिळते. 1956 पर्यंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्याच मुलखात गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. सिमेंटच्या फिरत्या भट्टीत माल सुमारे 1450 अंशांपर्यंत तापतो. आतील एखादी वीट निखळली की पोलादी कवच त्या जागी तापू लागते. भट्टी सतत फिरत असल्याने तिला तापमापक चिकटवून भागत नाही. पूर्वी भट्टीवाला निळ्या काचेतून ज्योत पाही, आणि कवचावरचा लाल डाग अंधारात ध्यानी येई. म्हणजे हानी होऊन गेल्यावर. दूरवरून कवच न्याहाळणारे अवरक्त यंत्र तो डाग दिसण्यापूर्वीच इशारा देते. कामगाराचा जीव त्यामुळे आगीपासून चार पावले दूर राहिला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु यंत्रही भाबडे असते. मध्ये धूळ वा वाफ आली, भिंगावर राख बसली, की ते ताप कमी दाखविते. म्हणून भिंगापुढे शुद्ध हवेचा झोत सोडावा लागतो. चकचकीत धातू किरण कमी सोडतो, त्याचीच गंजलेली पाठ अधिक सोडते. ताप तोच, आकडा मात्र निराळा. ही उत्सर्जकता जाणून यंत्र बसवावे लागते. समोरचा आकडा खरा की खोटा, हे सांगण्यास शेवटी तोच जाणता माणूस लागतो, ज्याची गरज संपली असे आपण समजत होतो.

ताव, आच, धग, झळ हे शब्द समानार्थी नव्हेत. त्या अनुभवाने पाडलेल्या पायऱ्या आहेत. आपल्यापैकी ज्यांची मुले कारखान्यांत आहेत, ज्यांचे शेजारी ओतकाम करतात, त्यांनी हे शब्द मराठीत, गोंडीत, तेलुगूत, जसे ऐकू येतील तसे टिपून ठेवावेत. यंत्राच्या आकड्यांची नोंद कारखाना ठेवील. माणसाच्या डोळ्याची नोंद आपण नाही ठेवली तर कोणीच ठेवणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो, त्या गुरुजनांनी आपणांस लिहिण्यास शिकविले, ते याचसाठी.